साठीनंतर होडीतून पक्षी टिपताना

निवृत्तीनंतर कॅमेरा हाती घेणारी मंडळी आता जव्हार-मोखाड्यासारख्या डोंगराळ तालुक्यांतही दिसू लागली आहेत. सुरुवात अंगणातल्या बुलबुलापासून होते. मग जयसागरच्या काठावरचा खंड्या येतो, भाताच्या खाचरात उतरणारे बगळे येतात. पुढे केव्हातरी कोणीतरी दाखवलेले एखादे छायाचित्र मनात घर करते : उथळ पाण्यात उभा असलेला रोहित पक्ष्यांचा गुलाबी थवा, किंवा तिवरांच्या मुळांशी चिखलात डोळे वर काढून बसलेली निवटी. असे छायाचित्र बहुधा काठावरून मिळत नाही, त्यासाठी होडीत बसावे लागते. हे कळले की प्रश्न आधी घरात येतो आणि घरातून दवाखान्यात. ‘या वयात होडीत बसायचे म्हणतात. डॉक्टर, तुम्हीच समजावा.’

समजावण्यापूर्वी तपासावे, एवढेच या लेखाचे सांगणे आहे. ‘मुळीच नको’ हे उत्तर काळजीपोटी दिले जाते, आणि ‘जाऊ दे, हौस आहे’ हे प्रेमापोटी. दोन्ही उत्तरे न तपासता दिली तर सारखीच धोक्याची ठरतात. पहिल्याने माणूस घरात आक्रसत जातो, हालचाल कमी होते, पायांची ताकद उतरते आणि ज्या पडण्याच्या भीतीने नकार दिला ते पडणे घरातल्या मोरीतच घडते. दुसऱ्याने एखादी टाळता येण्याजोगी दुर्घटना ओढवते. निव्वळ वयाचा आकडा याबाबत फारसे काही सांगत नाही. सांधे, तोल, रक्तदाब आणि चालू औषधे पुष्कळ सांगतात.

छंदाचे मोल

ज्येष्ठांच्या छंदाला आपल्याकडे ‘वेळ घालवणे’ म्हणतात. अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस येथील संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास येथे लक्षात घेण्यासारखा आहे. ६० ते ९० वयोगटातील व्यक्तींना तीन महिने, आठवड्याला सुमारे १५ तास, नवे कौशल्य शिकवण्यात आले. काहींना डिजिटल छायाचित्रण, काहींना गोधडीसारखे शिवणकाम, तर काहींना दोन्ही. दुसऱ्या गटांतील लोक केवळ गप्पा, सहली वा सवयीची हलकी कामे करत होते. नवे शिकणाऱ्यांची घडलेल्या गोष्टी लक्षात ठेवण्याची क्षमता त्यांच्या तुलनेत सुधारली. छायाचित्रणाने स्मृतिभ्रंश टळतो, असा याचा अर्थ काढू नये. मेंदूला अवघड वाटेल असे नवे काम उतारवयातही पचते आणि मानवते, एवढा अर्थ मात्र निश्चित निघतो.

होडी कोणती?

कयाक ही मूळची उत्तर ध्रुवाकडील इनुइट लोकांची शिकारीची होडी. लाकडाच्या वा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ती बनवीत. अरुंद, पाण्यालगत बसणारी आणि दोन टोकांच्या वल्ह्याने आवाज न करता चालणारी. सीलच्या जवळ निःशब्द सरकता यावे, हाच तिचा हेतू होता. आजच्या प्लास्टिकच्या कयाकमध्ये तोच गुण छायाचित्रकाराच्या उपयोगी पडतो. यंत्राची घरघर नसते, आणि डोळा पक्ष्याच्या पातळीवर येतो.

पण याच रचनेत ज्येष्ठांची अडचणही आहे. कयाकमध्ये पाय पुढे पसरून जवळजवळ जमिनीवर बसावे लागते. गुडघ्यांची झीज झालेल्यांना किंवा कंबरेतून पायात कळ जाणाऱ्यांना अर्ध्या तासात ही बैठक असह्य होते. खरी कसोटी उतरताना लागते : हलत्या तळावरून, हाताला आधार नसताना, उभे राहायचे. म्हणून हौस असणाऱ्यांनी तीन पायऱ्यांनी जावे.

पहिली पायरी काठाची. आपल्या डोंगरांवर पडणारा पाऊस वैतरणा, पिंजाळ आणि सूर्या यांच्या पात्रांतून शेवटी वैतरणेच्या खाडीतच पोचतो. ती खाडी अर्नाळा आणि दातिवरे यांच्यामध्ये समुद्राला मिळते. केळवे, डहाणू, बोर्डी येथे ओहोटीच्या वेळी उघड्या पडलेल्या चिखलावर तुतवार, चिखल्या, समुद्री बगळे आणि कुरव काठावरूनही दिसतात. डहाणू तालुका तर १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित आहे. येथे घडीच्या खुर्चीत बसून कॅमेऱ्याचा हात बसवावा.

दुसरी पायरी बाकाच्या होडीची. ठाणे खाडीचा फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून दर्जा २०१५ चा. सुमारे १७ चौरस किलोमीटरच्या या अभयारण्याला आणि भोवतीच्या खाडीला २०२२ मध्ये रामसर स्थळांच्या आंतरराष्ट्रीय यादीत जागा मिळाली. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून वनविभागाच्या होडीने हिवाळा ते उन्हाळ्याच्या काळात छोटा आणि मोठा असे दोन्ही रोहित पाहता येतात. ज्यांचे आप्त सिंधुदुर्गात आहेत त्यांच्यासाठी वेंगुर्ल्याची मांडवी खाडी आहे. तेथे ‘स्वामिनी’ बचतगटातील स्त्रिया होडी स्वतः वल्हवत कांदळवनाची सफर घडवतात. कयाकचा निःशब्दपणा आणि बाकाची बैठक, दोन्ही एकत्र मिळण्याची ही सोय ज्येष्ठांसाठी फार चांगली.

तिसरी पायरी कयाकची, आणि तीही दोघांच्या कयाकची. मागे बसणारा प्रशिक्षित माणूस वल्हवतो व दिशा सांभाळतो, पुढे बसलेले आजोबा वा आजी कॅमेरा सांभाळतात. ज्यावर वरून बसता येते अशी उघडी, रुंद कयाक निवडावी. आत पाय खुपसून बसायच्या अरुंद कयाकमधून उलटल्यावर बाहेर पडणे कठीण जाते. धरणांच्या जलाशयात सराव म्हणून उतरण्याचा मोह कोणीही करू नये. तेथे काठ अचानक खोल जातो आणि जीवरक्षक नसतो.

घरच्या घरी दोन चाचण्या

भिंतीला टेकवून एक साधी, हात नसलेली खुर्ची ठेवा. दोन्ही हात छातीवर घडी घालून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहून पुन्हा बसता येते ते मोजा. ६५ ते ६९ वयाच्या पुरुषांना १२ पेक्षा आणि स्त्रियांना ११ पेक्षा कमी वेळा जमले, तर पायांची ताकद वयाच्या मानाने कमी समजावी. ७० ते ७४ साठी हेच आकडे १२ आणि १० आहेत. दुसरी चाचणी तोलाची : एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना टेकवून सरळ रेषेत १० सेकंद उभे राहणे. हे जमत नसेल तर सपाट जमिनीवरही पडण्याचा धोका अधिक असतो, होडीची गोष्ट दूरच. दोन्ही चाचण्यांच्या वेळी शेजारी कोणीतरी उभे असावे.

माझ्याकडे येणारे मोखाडा तालुक्यातील एक निवृत्त शिक्षक, वय ६७, खुर्चीवरून नऊ वेळाच उठू शकले. मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही होते. सूनबाईंना वाटले, आता प्रश्न मिटला. आम्ही ‘नाही’ असे न म्हणता ‘दोन महिन्यांनी’ असे म्हटले. रोज सकाळ-संध्याकाळ खुर्चीवरून उठबस, ओट्याला धरून टाचांवर व चवड्यांवर उभे राहणे, रेषेवर चालणे, आणि गावातल्या चढावर अर्धा तास फिरणे, एवढाच व्यायाम. दोन महिन्यांनी ते १३ वेळा उठले. त्यानंतर ते बाकाच्या होडीत बसले. कयाक त्यांनी गुडघ्यांमुळे स्वतःच नाकारली. सूनबाईंच्या मते यात मिळालेली मोठी गोष्ट रोहितांची छायाचित्रे नसून सासऱ्यांचे रात्री आधाराविना मोरीपर्यंत जाणे ही होती.

जागतिक आरोग्य संघटना ६५ वर्षांवरील व्यक्तींना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि तीन दिवस तोल व ताकदीचे व्यायाम सुचवते. नुसते ‘व्यायाम करा’ म्हटले की कोणी करत नाही. जानेवारीत खाडीवर जायचे आहे म्हटले की नोव्हेंबरपासून होतो.

घाट, गोळ्या आणि रक्तदाब

जव्हारहून किनाऱ्याकडे जाताना घाट उतरावा लागतो आणि अनेकांना गाडी लागते. त्यासाठी घेतली जाणारी प्रोमेथाझिन किंवा सिनारिझिनची गोळी आपल्याकडे सर्रास घेतली जाते. ज्येष्ठांमध्ये या गोळ्यांनी झापड येते, तोल बिघडतो. प्रोस्टेटची वाढ असलेल्या पुरुषांची लघवी अडू शकते, आणि काही प्रकारच्या काचबिंदूत प्रोमेथाझिन धोक्याचे ठरते. सिनारिझिन दीर्घकाळ घेतल्यास कंपवातासारखी लक्षणे उद्भवू शकतात. घाटासाठी घेतलेली गोळी नेमकी होडीत पाय टाकताना अंगावर येते. त्याऐवजी पुढच्या आसनावर बसावे, नजर दूर ठेवावी, पोट हलके ठेवावे आणि शक्य असल्यास आदल्या संध्याकाळीच किनाऱ्यावर मुक्कामाला पोचावे. गोळी लागतच असेल तर कोणती, हे डॉक्टरांना विचारून ठरवावे.

रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी सुरू असलेले अनेक जण प्रवासात ती परस्पर बंद करतात, किंवा लघवी लागू नये म्हणून पाणीच पीत नाहीत. दोन्ही चूक आहे. गोळीची वेळ मागेपुढे करता येईल का, हे आधी विचारावे, सफर तासाभरापेक्षा लांबवू नये, आणि निघण्यापूर्वी स्वच्छतागृहाची सोय पाहून ठेवावी. बसलेल्या माणसाने उठून उभे राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा रक्तदाब २० किंवा खालचा १० अंकांनी उतरला तर त्याला स्थितिजन्य अल्परक्तदाब म्हणतात. तासभर उन्हात बसून, कमी पाणी पिऊन, एकदम उठणाऱ्याला नेमके हेच होते. म्हणून सफरीतला सर्वांत जोखमीचा क्षण धक्क्यावर उतरण्याचा असतो. होडी बांधली जाईपर्यंत बसून राहावे, पावले व पिंढऱ्या दहा-वीस वेळा हलवाव्यात, मग दोघांच्या आधाराने सावकाश उठावे.

मधुमेहींनी उपाशीपोटी निघू नये. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे वाटणे यांपैकी काही जाणवल्यास तीन ते चार चमचे साखर पाण्यातून घ्यावी, पंधरा मिनिटांनी रक्तशर्करा तपासावी आणि मग काहीतरी खावे. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नये. मधुमेहींनी खाडीच्या चिखलात अनवाणी पाऊल कधीही ठेवू नये. खडकांवर आणि खारफुटीच्या मुळांवर चिकटलेल्या कालवांच्या कडा पात्यासारख्या कापतात. बधिर पावलाला ती जखम कळत नाही, आणि खाऱ्या पाण्यातील काही जीवाणू मधुमेही व यकृताचा आजार असलेल्यांच्या जखमेत वेगाने पसरतात. बंद, घट्ट बसणारे रबरी तळाचे बूट घालावेत. धनुर्वाताची लस दहा वर्षांत घेतली नसेल तर ती निघण्यापूर्वीच घ्यावी. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी डोक्याला लागलेला लहानसा मारही डॉक्टरांना दाखवावा.

दिवस निवडताना तिथी पाहावी

किनाऱ्यावरच्या लोकांना ठाऊक असलेला एक हिशेब डोंगरातल्या वाचकांसाठी देतो. मुंबई-पालघरच्या किनाऱ्यावर तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, दशमीला साडेसातच्या. भरती रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते. तेव्हा पाणी जोराने आत येते आणि तितक्याच जोराने बाहेर ओढते. अष्टमीनंतरच्या दोन-तीन दिवसांत भांगाची भरती असते, म्हणजे पाण्याची चढउतार कमी आणि प्रवाह सौम्य. अष्टमी ते एकादशी या दिवसांत सौम्य भरती आणि कोवळे ऊन सकाळी एकत्र मिळते. ज्येष्ठांसाठी याहून चांगला मुहूर्त नाही. हा हिशेब ढोबळ आहे. अंतिम शब्द अधिकृत भरतीच्या वेळापत्रकाचा आणि स्थानिक नावाड्याचा मानावा. ओहोटी लागल्यावर उथळ खाडीत होडी चिखलात रुतली, तर पुढच्या भरतीपर्यंत उन्हात बसून राहण्याची वेळ येते.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा निवडावा. रुंद काठाची, हनुवटीखाली बांधता येणारी टोपी, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा आणि अतिनील किरण अडवणारा चष्मा सोबत असावा, कारण पाण्यावरून परतणारे ऊन टोपीखालीही पोचते. मोतिबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल तर नेत्रतज्ज्ञांच्या अनुमतीशिवाय पाण्याजवळही जाऊ नये. चष्म्याला दोरी लावावी आणि कानातले यंत्र बंद डबीत ठेवावे.

कॅमेरा आणि खांदा

दोन-तीन किलोची लांब भिंग असलेली सामग्री उचलून धरणे साठीनंतरच्या खांद्याला झेपत नाही. खांद्याच्या स्नायुबंधांची झीज या वयात सामान्य असते आणि वारंवार हात वर उचलल्याने दुखणे बळावते. अर्धा-पाऊण किलोचा, दूरचे जवळ आणणारा लहान कॅमेरा पुरेसा होतो. सुरुवातीला मोबाइलही चालतो. होडीत तिपाई उपयोगाची नसते, कारण होडीचे हलणे तिच्यातून थेट कॅमेऱ्यात येते. दोन्ही कोपरे बरगड्यांना टेकवावेत, श्वास सोडता सोडता बटण दाबावे आणि शटरचा वेग एक हजारांश सेकंदाच्या आसपास ठेवावा. हाताला किंचित कंप असलेल्यांनाही यामुळे स्पष्ट चित्र मिळते. कॅमेऱ्याचा पट्टा मनगटात ठेवावा, गळ्यात नको. होडीत छायाचित्रासाठी उभे राहायचे नाही, हा नियम मोडायचा नाही.

लाइफ जॅकेट मापाचे असावे आणि त्याचे सर्व पट्टे बांधलेले असावेत. खांद्याजवळ धरून कोणी वर ओढले तर ते हनुवटीपर्यंत सरकता कामा नये. पोहता येणाऱ्यांनीही ते घालावे.

पक्ष्यांचेही आरोग्य

चिखलात चरणारा पक्षी पुढच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवत असतो. होडी फार जवळ गेली की तो आधी चरणे थांबवून मान वर करतो, मग चालू लागतो, मग उडतो. मान वर झाली की वल्हे थांबवावे. थवा उडवून काढलेले छायाचित्र देखणे दिसते खरे, पण त्या उड्डाणाची किंमत पक्ष्यांच्या पोटातून वसूल झालेली असते. अभयारण्याच्या हद्दीत वनविभागाच्या परवानगीशिवाय स्वतःची होडी किंवा ड्रोन नेऊ नये. संथ बसून राहणे ज्येष्ठांना तरुणांपेक्षा चांगले साधते. या छंदात वयाचा हा लाभच आहे.

कोणी जाऊ नये, आणि सोबत्याने काय करावे

अलीकडे हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात झालेले, थोड्या श्रमाने छातीत दुखणारे वा धाप लागणारे, आटोक्यात नसलेली फेफरे असणारे, वारंवार चक्कर येणारे आणि मध्यम वा पुढच्या टप्प्यातील स्मृतिभ्रंश असलेले यांनी होडीत बसू नये. त्यांच्यासाठी काठावरची खुर्ची आणि दुर्बीण आहे. तो कमी प्रतीचा आनंद मानू नये.

सोबत जाणाऱ्याने औषधांची यादी, पाणी, साखर, कोरडे कपडे आणि एक चादर स्वतःच्या पिशवीत ठेवावी. होडीत ज्येष्ठांच्या मागे, हात पोचेल इतक्या अंतरावर बसावे. किनाऱ्यावर राहणाऱ्या एका व्यक्तीला परतण्याची वेळ सांगून ठेवावी. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि समुद्रातील संकटात तटरक्षक दलाचा १५५४ हे क्रमांक मोबाइलमध्ये आधीच नोंदवावेत. किनाऱ्यावर सर्वत्र रुग्णालय जवळ नसते, म्हणून सर्वांत जवळचे कोणते, हे आदल्या दिवशीच विचारून घ्यावे.

घरातल्या ज्येष्ठांनी पुढच्या वेळी होडीचा विषय काढला, तर प्रथम खुर्ची आणि घड्याळ घेऊन बसा. ३० सेकंदांत उत्तराचा अर्धा भाग मिळेल. उरलेला अर्धा, औषधांच्या पिशवीसह, आपल्या डॉक्टरांकडे घेऊन जा. दोन्हीकडून होकार आला तर कॅलेंडरमध्ये येत्या हिवाळ्यातली दशमी शोधा.